सुपली धरणारा माणूस

सकाळची गर्दी ओसरली की साडेनऊच्या सुमारास सेत्सुको नागुमो दोन नंबरचा फलाट झाडायला घ्यायची. मिनामी-हाराडा स्टेशनवर तिला नऊ वर्षं झाली होती. बासष्ट वर्षांची बाई, बुटकी, तुरुतुरु चालणारी, बोलायला सरळसोट. कुणी वाटेत उभं असलं की म्हणायची, "बाजूला व्हा, नाहीतर तुमच्यासकट झाडून नेईन." लोक हसून सरकायचे.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी करड्या कोटातला, पन्नाशीचा एक माणूस तिच्यासमोर आला आणि कमरेत पार वाकला. इतका, की आपल्या मागे स्टेशनमास्तर उभे आहेत की काय, म्हणून सेत्सुकोनं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी हिरुमा," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी याच फलाटावर तुम्ही माझा जीव वाचवलात."

"मी? अहो, मी केर काढते. माणूस ओळखायला चुकलात तुम्ही."

हिरुमा हसला नाही. फेब्रुवारी होता, बर्फ पडत होता, तो सांगू लागला. फलाटाच्या टोकाला, पिवळ्या पट्टीच्या पुढे तो उभा होता. इथं न थांबणारी जलद गाडी यायची होती आणि मनाशी त्यानं ठरवलेलं होतं. तेवढ्यात एक सफाईवाली आली. "बाजूला व्हा, नाहीतर तुमच्यासकट झाडून नेईन," म्हणाली आणि त्याच्या हातात केर भरायची सुपली देत म्हणाली, "नुसते उभे आहात तर ही धरा जरा." त्यानं धरली. गाडी पाठीमागून धडधडत निघून गेली.

"त्यानंतर माझी नागोयाला बदली झाली. गेल्या आठवड्यात परत आलो आणि काल तुमचं ते वाक्य कानावर पडलं. ते मी विसरेन होय?"

सेत्सुको काही बोलायच्या आत त्यानं चेस्टनटच्या मिठाईचा खोका तिच्या हातात ठेवला आणि आलेल्या गाडीत चढला.

"मावशी, मागणी घालून गेला की काय?" तिकिटांच्या फाटकापाशी बसणाऱ्या तोकुमारूनं विचारलं.

"थट्टा पुरे," म्हणत सेत्सुकोनं त्याला सगळं सांगितलं. "अकरा वर्षांपूर्वी इथं कोण होतं रे झाडायला?"

"ओकुदाइराबाई. तुम्ही त्यांच्या जागी आलात ना?"

"मग हा खोका त्यांचा."

"पण वाक्य तर तुमचं!"

"तेच तर कळेना."

सुट्टीच्या दिवशी ती खोका घेऊन दोन स्टेशनं पलीकडच्या वृद्धाश्रमात गेली. एक्क्याऐंशीच्या ओकुदाइराबाई खिडकीशी बसल्या होत्या. हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मी प्रवाशाला सुपली धरायला सांगेन? काहीतरीच काय! त्या फेब्रुवारीत तर बर्फावर घसरून माझं मनगट मोडलं होतं. महिनाभर घरी होते. बदलीवर कुणीतरी आली होती. तूच नव्हतीस का गं?"

सेत्सुकोचे हात खोक्यावरच थबकले. त्या साली जानेवारीत तिचा नवरा गेला होता. घरात बसवेना म्हणून ती सफाईच्या कंपनीत बदलीवर जायला लागली. दर आठवड्याला वेगळं स्टेशन. त्या हिवाळ्यातला दवाखान्याचा व्हरांडा तेवढा तिला आठवत होता. पुढचं सगळं धुकं. कुठली स्टेशनं, कुठल्या गाड्या, काही म्हणता काही नाही.

"नक्की मीच होते?" तिनं विचारलं.

"नक्की म्हणजे काय! तू घे ना मिठाई, फुमी."

फुमी ही ओकुदाइराबाईंची धाकटी बहीण. आता यांच्या आठवणीवर विसंबायचं तरी कसं? सेत्सुकोनं कंपनीतही विचारून पाहिलं. इतके जुने कामाचे तक्ते कुणी ठेवलेलेच नव्हते.

पुढच्या मंगळवारी हिरुमा दिसताच तिनं त्याला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. "तुमचे आभार माझ्या वाट्याचे आहेत की नाहीत, हे मलाच ठाऊक नाही," ती म्हणाली. "रात्रंदिवस आठवून पाहतेय. डोकं चालेनासं झालंय."

हिरुमा बाकावर बसला.

"एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं," तो म्हणाला. "ती बाई रडत होती. आवाज दरडावणीचा, पण गालांवरून धारा. केर सुपलीत जातच नव्हता, सगळा बाजूला सांडत होता. मला वाटलं, आता हिला हात दिला नाही तर ही इथंच कोसळेल. म्हणून मी सुपली धरली."

सेत्सुको त्याच्या शेजारी बसली. कामाच्या वेळेत ती कधी बसली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर ओले लोकरी हातमोजे आले, कुणाचे तरी काळे बूट आले, त्यांवर बर्फ. पण हे आठवत होतं, की याच्या बोलण्यावरून मन आत्ताच रचत होतं? तिला सांगता येईना.

"पुढं काय झालं?"

"केर त्या टोकाच्या डब्यात टाकून या, म्हणालात. म्हणजे... म्हणाल्या. मी टाकून आलो तर बाई जिना चढून गेलेल्या. सुपली माझ्याच हातात! खांबाला टेकवली, घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं."

"सुपली टाकून मी कधी जायची नाही," सेत्सुको पुटपुटली. मग जरा थांबून म्हणाली, "पण त्या हिवाळ्याचं काय सांगावं."

गाडीची घोषणा झाली. तो उठला तशी तीही उठली आणि तिनं अगदी सावकाश त्याचे आभार मानले. तो गोंधळून तिच्याकडे बघतच गाडीत चढला.

"मग ठरलं का, मावशी? तुम्हीच होता?" दुपारी तोकुमारूनं विचारलं.

"नाही ठरलं."

"मग तुम्ही कशाचे आभार मानत होतात? मी पाहिलं इथून."

"ते विचारू नकोस," सेत्सुको म्हणाली. "मलाच अजून नीट कळलेलं नाही."