निघालेला माल माझा

आमच्या धंद्यात एक साधा व्यवहार आहे. जुनं छप्पर उतरवायचं असेल तर ठेकेदार मजुरी कमी लावतो आणि वरून निघेल तो माल स्वतःच्या घरी नेतो. कौलं, वासे, पत्रे, जे निघेल ते. हे कुणी कागदावर लिहीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. तरी भाटघरच्या बाजूच्या त्या छोट्या चर्चचं काम घेताना मी मुद्दाम मोठ्यानं बोलून घेतलं. "फादर, निघालेला माल माझा."

फादर म्हणाले, "ठीक आहे."

शेजारी बसलेले मास्तरही म्हणाले, "व्हय, ठीक हाय."

हे मास्तर म्हणजे तिथले जुने माणूस. पोरांना प्रार्थना शिकवायची, मिस्सेची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, तयारी करायची आणि घंटा वाजवायची, हे त्यांचं काम. आमची ओळख झाली तीच वाकडी. मी टेम्पोतून उतरले तर माझ्या मागं बघून विचारतात, "ठेकेदार कुठायत?"

"तुमच्यापुढं उभी आहे."

"आस्सं? बाईमाणूस छपरावर चढणार?"

मी घमेली वाहण्यापासून सुरुवात केलेली बाई आहे. चढून दाखवलं. आणि चढले तेव्हाच मला ती तुळई दिसली.

दर्शनी भिंतीत, मोठ्या दाराच्या वर, आडवी टाकलेली सागवानी तुळई. तिलाच घंटा टांगलेली. ना कीड, ना चीर. नखानं खरवडलं तर आतून मधासारखा रंग. भोंगवलीत माझं घर बांधून होत आलं होतं. सगळा संसार पत्र्याच्या खोल्यांत काढला, आता कुठं विटांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. फक्त पुढच्या दाराची चौकट बाकी होती. दोन उभे खांब, वर एक आडवा, खाली उंबरा. छपरावर बसूनच मी नजरेनं माप घेतलं. एका तुळईत सगळी चौकट बसत होती. खाली उतरून मजुरी आणखी उतरवली, ती केवळ त्या लाकडासाठी. फादरना वाटलं, बाई देवभोळी आहे.

काम चोख केलं. सडके वासे काढले, लोखंडी सांगाडा उभा केला, नवी कौलं चढवली. तुळईच्या जागी जाड लोखंडी चॅनल टाकला, त्याला घंटा पक्की आवळली. तुळई अंगणात उतरवून ठेवली आणि टेम्पो बोलावला.

टेम्पो आला तर मास्तर तुळईवर बसून चहा पीत होते.

"मास्तर, उठा. लाकूड भरायचंय."

"भरा की. लाकूड तुमचंच हाय. फकस्त येकदा घंटा ऐका."

त्यांनी दोर ओढला. आधी ती घंटा वाजली की आवाज धरणाच्या पाण्यावरून लांब जाऊन मग विरायचा. आता ठणका बसायचा आणि मागून चॅनलच झणझणत राहायचा. खालच्या शेतात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. एक ओरडली, "ओ, भांगारवाला आला वाटतं! काढा गं डबे!" सगळ्या फिदीफिदी हसल्या.

मी माझ्या मिस्त्रीला म्हटलं, "मध्ये टायरचं रबर घाल." रबर घातलं तर घंटा सर्दी झाल्यासारखी वाजायला लागली. मग वखारीतून नवं लाकूड आणलं. मास्तरांनी ते हातानं दाबलं. "वलं हाय ताई. पावसाळ्यात पिळंल." ताई! कामापुरती मी आता ताई झाले होते. वाळलेलं जुनं सागवान विकत आणायचं तर या कामात मला काहीच उरलं नसतं.

फादरकडं गेले. म्हटलं, "शब्द झाला होता."

"झाला होता," ते म्हणाले. "तुळई तुमचीच आहे, तुम्ही न्या. आम्ही काहीतरी बघू."

भांडणारा माणूस असता तर मी त्याला पुरून उरले असते. या माणसाशी भांडायचं कसं?

रोज सकाळी मी यायची आणि मास्तर तुळईवर बसलेले असायचे. टेम्पोवाला माझ्यावर करवादायला लागला. घंटा रोज बडवली जायची आणि बाया रोज विचारायच्या, "कुणी बसवली गं ही?" मिस्त्री हळूच म्हणाला, "अक्का, आपलं नाव रोज बोंबलतंय." तेच मला लागलं. माझ्या हातचं काम आणि त्याला गावभर हसू? शेवटी मी मास्तरांसमोर उकिडवी बसले.

"किती पाहिजे?"

"अर्धी."

"अर्धी? झोपेत आहात काय? घंटेच्या कड्यापुरती, हातभर."

"हातभरात भिंतीत काय मुरंल आन् भाईर काय ऱ्हाईल?"

हातवारे झाले, टेप लावली, दोनदा मी उठून टेम्पोत जाऊन बसले, दोनदा परत आले. ते मात्र जागचे हलले नाहीत. अखेर जेवढं ठरलं तेवढं कापलं तेव्हा करवतीचा आवाज मला दाढ काढल्यासारखा वाटला. घंटा पुन्हा जुन्या लाकडाला टांगली. दोर ओढला. बाया मान वर न करता खुरपत राहिल्या. एकीनंही चांगलं म्हटलं नाही.

उरलेल्या लाकडात दोन खांब झाले आणि वरचा आडवा झाला. उंबऱ्याला पुरलं नाही. उंबरा बाभळीचा घातला.

वास्तुशांतीला फादर आणि मास्तर दोघंही आले. मास्तरांनी भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. दारात चपला काढल्या, वाकून उंबऱ्यावर हात फिरवला आणि भर मांडवात म्हणाले, "ताई, समदी चौकट सागाची आन् उंबरा तेवढा बाभळीचा? ह्यो बी सागाचाच घ्यायचा व्हता की!"

मिस्त्री तोंडावर हात धरून आत पळाला. फादर छताकडं बघायला लागले. मी मास्तरांच्या हातातून घड्याळ घेतलं.

"मास्तर," म्हटलं, "पंगत बसलीय. आधी जेवून घ्या."

दोनदा बासुंदी मागून जेवले. घड्याळ अजून खोक्यातच आहे.