तोफेजवळची रिकामी जागा

कवळीकाकांचा धंदा दातांचा. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांच्याच हातच्या कवळ्या होत्या, त्यामुळे त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. दवाखान्यांतून साचे यायचे आणि काका मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवायचे. पण जीव रमायचा तो तोफांत. जुन्या महायुद्धातल्या तोफा, मशीनगन, सगळं बोटाएवढ्या शिपायांच्या मापाचं. इंजेक्शनच्या सुईतून ते मशीनगनची नळी करायचे आणि दात कोरायच्या यंत्राने तोफेवरचे खिळे कोरायचे, तेही असे की बघणाऱ्याने नाक टेकवावं.

शिपाई करायचा त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दिवसा लोकांची घरं रंगवायचा म्हणून सगळे त्याला रंगोबा म्हणत. तोफेची मूठ कुठे येणार ते काका सांगत, मग रंगोबा शिपायाचा हात बरोबर तिथे पोचेल असा वळवी. एकदा हात केसभर वर गेला तेव्हा काका म्हणाले होते, "हा तोफ डागतोय की टोपी सावरतोय?" त्यावरून दोघांत आठवडाभर अबोला. मधल्यामधे काकूंचं डोकं पिकलं.

त्या वर्षी शहराचं काही ठीक नव्हतं. पुलाच्या तोंडाशी वाळूची पोती रचली होती. दुकानदार उजेड असतानाच फळ्या लावून घेत. अशात एका दुपारी एक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, मऊ आवाज. त्यांना तोफ हवी होती, हुबेहूब, आणि सोबत सहा माणसं.

"गणवेश कुठला रंगवू?" रंगोबाने विचारलं.

"गणवेश नको. साध्या कपड्यांतली करा. आणि खाली चिकटवू नका, हाताने हलवता आली पाहिजेत."

शौकीन लोक येत, ते तोफेचं साल विचारत, रंगाची छटा विचारत. हे गृहस्थ विचारत होते की गोळा सुटल्यावर नळी किती मागे येते आणि कोण कुठे उभा असला तर त्याला लागेल. काकांनी सगळं समजावून सांगितलं. इतक्या बारकाईने विचारणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता, त्यामुळे ते खुलूनच आले. गृहस्थ गेल्यावर मात्र काकू म्हणाल्या, "मांडलेल्या तोफा बघून त्यांनी एकदाही छान म्हटलं नाही हो."

काकांनी ते हसण्यावारी नेलं. ती तोफ गेली आणि महिन्याभरात गृहस्थ तसलीच दुसरी मागायला आले. या वेळी त्यांनी एका पाकिटात फोटो आणले होते. "चेहरे असे करा. ज्याला त्याला आपली जागा ओळखता यावी."

गृहस्थ गेल्यावर रंगोबाने फोटो टेबलावर मांडले. पाव पोचवणारा ड्रायव्हर, शाळेतले कवायतीचे मास्तर, आणखी तिघे. शेवटचा फोटो हातात घेतला आणि तो खिडकीशी उजेडात गेला. बस डेपोच्या पायरीवर बसून त्याचा स्वतःचा मुलगा चहा पीत होता. फोटो काढला जातोय हे त्याच्या गावीही नसावं.

संध्याकाळी मुलाला काकांकडे बोलावून घेतलं. त्याने खालमानेने सगळं सांगितलं.

"आतोबा, दोनदा जाऊन आलोय मी. टेबलावर तोफ ठेवतात आणि कोण कुठे उभं राहायचं ते शिकवतात. तुमचीच तोफ होती, मी बघताक्षणी ओळखली."

"मग बोलला का नाहीस?" काका म्हणाले.

"कुणाला सांगायचं नाही म्हणाले."

"नाही म्हणून टाक," रंगोबा म्हणाला.

"आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याने म्हटलं होतं नाही, बाबा. त्याचं दुकान उघडलंय का त्यानंतर?"

काकू उठल्या आणि भाच्यासाठी बॅग भरायला लागल्या. सकाळच्या पहिल्या बसने तो दूरच्या मावशीकडे गेला. डेपोत त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सोबत्यांनीच त्याला मागच्या सीटवर बसवून दिलं.

ठरल्या दिवशी गृहस्थ आले. काकांनी तोफ पुढे ठेवली, भोवती पाच माणसं उभी केली.

"सहावा?"

"बिघडला," काका म्हणाले. "साच्यातच पाय मोडला त्याचा."

गृहस्थांनी रागावून तरी बोलावं असं काकांना वाटत होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी काकांच्या पेटीतून कवळीचा एक सुटा दात उचलला आणि रिकाम्या जागी उभा केला. "हरकत नाही. माणूस मिळतो." मग सगळं कापसात गुंडाळून ते निघून गेले.

भाचा सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा काकू रडल्या, रंगोबा देवापुढे बसला. काका मात्र मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यावरची लाँड्रीवाली बाई तुटलेली कवळी घेऊन आली. एकटी बाई, एकुलता मुलगा.

"मुलाला काम लागलं बाहेरगावी," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "एक माणूस कमी पडत होता म्हणे. घाईघाईत घेऊन गेले. पत्ताही द्यायला वेळ नव्हता."

काकांच्या हातातली कानस थांबली. कवळी जोडून द्यावी आणि गप्प बसावं, असं एकदा मनात आलं. पण त्यांनी दार लावलं, बाईला खुर्ची दिली आणि फोटोंपासून पाच माणसांपर्यंत सगळं सांगितलं. भाच्याला कुठे पाठवलं तेवढं सांगितलं नाही.

बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचा गेला नाही, म्हणून माझा गेला," ती म्हणाली. कवळी तशीच टेबलावर टाकून ती निघून गेली. नंतर कळलं की ती पुलापर्यंत चालत गेली होती आणि पोत्यांमागच्या लोकांनी तिला परत लावून दिलं.

मग टेकडीवरून आवाज सुरू झाले. भर दुपारी खिडक्यांची तावदानं थरथरायची. काकांनी तोफांचं सामान पोत्यात भरून नदीत सोडलं. रंगोबाने पुन्हा शिपाई केला नाही.

लाँड्रीवालीचा मुलगा पुढे परत आला, एका कानाने ठार बहिरा होऊन. आता तो आईबरोबर इस्त्री करतो. काका कपडे घेऊन गेले की बाई आत निघून जाते आणि मुलगाच पुढे येतो. परवा शर्टाच्या घड्या घालता घालता तो नको तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला,

"काका, ते साहेब आले होते काल. आणखी माणसं लागणार आहेत म्हणे. तुमचा भाचा कधी येतोय, विचारत होते."