डार्क मॅटर आणि देवगाव फाट्यावरचा फ्लेक्स

सुनेच्या माहेरी तिच्याच सत्काराला निघालेली विहीण मी! ठेवणीतली इरकल नेसले आणि ती चुरगळू नये म्हणून जालन्यापर्यंत रेल्वेत ताठ बसून राहिले. मुलाला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे आम्ही दोघीच होतो. प्रज्ञा, म्हणजे माझी सून, आकाशगंगेच्या मध्याचा अभ्यास करते. साताऱ्यात हे सांगितलं की बायका विचारतात, "म्हणजे पत्रिका बघते का?" मी आता उत्तर देणं सोडलंय.

जालन्याहून पुढे जीप केली. मंठा मागे पडलं तशी जमीन काळीभोर होत गेली. कापसाची वेचणी चालू होती. "आता मला नीट समजाव," मी प्रज्ञाला म्हटलं, "तिथं कुणी विचारलं तर फजिती नको."

तिनं समजावलं. आकाशगंगेच्या मध्यातून गॅमा किरण येतात. माहीत असलेल्या सगळ्या गोष्टींचा वाटा वजा केला तरी थोडी झळाळी उरतेच. ती कुणाची, यावर भांडण आहे. काही म्हणतात, डार्क मॅटरचे, म्हणजे कुणाला न दिसणाऱ्या पदार्थाचे, कण एकमेकांवर आदळून नष्ट होतात, त्यातून ती निघते. बाकीचे म्हणतात, तिथे म्हातारे, गरगर फिरणारे तारे दाटीनं बसलेत, ते दुर्बिणीला सुटे दिसत नाहीत इतकंच. झळाळी चपटी दिसते आणि डार्क मॅटर तर गोल पसरलेलं असणार, म्हणून पुष्कळांनी ते बाद धरलं होतं. प्रज्ञा आणि तिच्या सोबत्यांनी संगणकावर आकाशगंगा वाढवून पाहिल्या, लहानपणी दुसऱ्या आकाशगंगांशी झालेल्या टकरींसकट. त्यात डार्क मॅटरही चपटं होऊन बसलं. म्हणजे बाद झालेला गडी पुन्हा खेळात आला.

"मग जिंकलं कोण?"

"अजून कुणीच नाही, आई."

खरं सांगते, मला ते काही आवडलं नाही.

देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तर समोर हा भला थोरला फ्लेक्स! प्रज्ञाचा हसरा फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'डार्क मॅटर शोधून काढल्याबद्दल वालूरची कन्या प्रज्ञा हिचे हार्दिक अभिनंदन.' माझी छाती फुगली. प्रज्ञाचा चहा मात्र हातातच गार झाला.

"हे खोटं आहे, आई. आणि आण्णांनी लावलंय." आण्णा म्हणजे तिचे वडील. "लोकांसमोर खोडलं तर त्यांची मान खाली जाईल. नाही खोडलं तर माझी."

"फ्लेक्सवर कोण खरं छापतं, बाई? गप्प शाल घे आणि मंचावरून उतर," मी सल्ला दिला.

वालूरला आण्णा दारातच उभे होते. "जयभीम, विहीणबाई! लय वाट बघायला लावली." जेवणात ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजून दळलेल्या पिठामसाल्याची झणझणीत आमटी). माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. प्रज्ञा वडिलांना गाठू बघत होती. ते पाहुण्यांच्या गराड्यात. "बोलू की सवडीनं," म्हणून निघून जात.

दुपारी विहाराच्या अंगणात गाव जमलं. आण्णा पूर्णा स्टेशनावर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे, त्यामुळे पूर्णेहून त्यांचे जुने सोबतीही आले होते. प्रज्ञा माइकपाशी गेली.

"आण्णा," ती म्हणाली, "पूर्णेला गाडी आत आली तरी तुमी लगेच लाईन मोकळी झाली म्हनून सांगत नव्हता. का?"

आण्णा पहिल्या रांगेतून म्हणाले, "शेवटच्या डब्याची पाटी बघितल्याबिगर कसं सांगनार? अर्धी गाडी तुटून मागं ऱ्हायली असली तर?"

"माझ्या गाडीची पाटी मला अजून दिसली न्हाई, आण्णा. डार्क मॅटर असंल, न्हाईतर म्हातारे तारे असतील. दिसल्याबिगर मी सांगनार न्हाई."

आण्णा खाली बघत बसले. मला वाटलं, आता हे उठून घरी जाणार. ते उठले, पण मंचाकडे गेले.

"फ्लेक्सवाल्याला मीच चुकीचं सांगितलं," त्यांनी माइकवर सांगितलं. "पोरगी बरोबर बोलायलीय." मग पाहुण्यांच्या हातातली शाल घेऊन त्यांनी स्वतः तिच्या खांद्यावर घातली. आधी पूर्णेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या गावानं. मी तर पदरानं डोळे पुसत होते, आणि या वेळी येसरचं निमित्त नव्हतं.

सकाळी निघताना आण्णा घरात नव्हते. मोटारसायकल घेऊन गेलेत, एवढंच कळलं. निरोप न देता गेले म्हणून मी जरा फुरंगटलेच. देवगाव फाट्यावर पोचलो तर व्याही स्टुलावर उभे, हाताला खळ लागलेली. 'शोधून काढल्याबद्दल' या शब्दांवर पांढरा कागद चिकटला होता आणि त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'याचा तपास चालू ठेवल्याबद्दल'.

"आता बरोबर हाय का?" त्यांनी लेकीला विचारलं.

प्रज्ञानं मान डोलावली आणि कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

त्या फ्लेक्सचा फोटो आता साताऱ्यात माझ्या दिवाणखान्यात लावलाय. येईल त्याला मी तो दाखवते आणि सांगते, माझ्या सुनेला अजून काहीही सापडलेलं नाही.