शेंदराखालची बंदूक

आमचं घराणं लोहाराचं. पण त्यातल्या एका पूर्वजाने हातोडा टाकून बंदूक उचलली आणि बागलाणातल्या कुठल्याशा किल्ल्याच्या तटावरून शत्रूचे सात जण लोळवले, ही गोष्ट मला आत्याने सांगितली. मी ती माझ्या मुलांना सांगितली तोवर सातांचे अकरा झाले होते. पुतणीच्या लग्नात व्याह्यांना सांगताना एक हत्तीही पडला. आणि पुरावा घरातच होता: माझ्या खांद्याएवढी उंच, तोड्याची बंदूक.

दर खंडेनवमीला ती ऐरण-हातोड्याशेजारी पाटावर यायची. बाकी हत्यारांना हळदीकुंकू. बंदुकीला मात्र तेलात कालवलेला शेंदूर, तोही जिथून बार पेटतो तिथेच. ‘तिचं तोंड तिथं हाय,’ असं आत्याचं म्हणणं. पिढ्यान्‌पिढ्या थर चढून तिथे लिंबाएवढा गोळा झाला होता. निवडणूक आली की वडील ती गोधडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि पुढचे चार दिवस छाती काढून चालायचे.

यंदा नाशिकच्या एका कॉलेजात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरलं. मी बंदूक दिली, सोबत दोन पानी मजकूर, हत्तीसकट. नांदगावला आत्याला फोन केला. ऐंशी वर्षांची आत्या म्हणाली, “येते. गल्लीतल्या बायका बी आणते. जन्मभर सांगितलं त्यांना, आता डोळ्यांनी बघू दे.”

दोन दिवस आधी प्रदर्शनाच्या मॅडमनी बोलावलं. शेंदूर काढायला माझी परवानगी हवी होती. दुपारभर त्या लाकडी काडीने आणि कापसाने एकेक थर सोडवत होत्या. मग टॉर्च मारून बघितलं आणि काडी खाली ठेवली.

“सर, हिच्यातून कधी गोळी सुटलेली नाही.”

“साफ ठेवली असेल आमच्या लोकांनी,” मी म्हणालो.

“सुटूच शकत नाही, सर.”

मग त्यांनी समजावलं. तोडा म्हणजे जळती वात. ती बाहेरच्या छोट्या वाटीतल्या चिमूटभर दारूला लागायची आणि ती आग नळीच्या अंगातल्या बारीक भोकातून आत ठासलेल्या दारूपर्यंत जायची. आमच्या नळीला ते भोकच पाडलेलं नव्हतं.

माझे अकराच्या अकरा शत्रू अंग झटकून उठले. मागून हत्तीही उठला.

“पण नळी बघा ना,” मॅडम म्हणाल्या. लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळायची, तापवायची आणि ठोकून ठोकून एकजीव करायची. सांधा कच्चा राहिला तर नळी फुटणार, तीही चालवणाऱ्याच्या गालाशी. “इतकं सफाईचं काम मी फार थोड्या नळ्यांवर पाहिलंय. गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना असावा, असा माझा अंदाज. बहुतेक तुमच्याच माणसाने केलेला.”

मला आनंद झाला. पण नांदगावहून जीपभर बायका येणार होत्या. बायको म्हणाली, “अहो, आत्यांना सांगूच नका. नसलेलं भोक कुणाला दिसतंय?” मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण दोन पानं फाडून मी चार ओळींचा खरा मजकूर लिहून दिला.

रविवारी कॉलेजच्या फाटकापाशीच आत्याला गाठलं.

“आत्या, आपल्या माणसाने बंदूक चालवली नाही गं. बनवली.”

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. “म्हणजे हातोडा टाकलाच नाय त्यानं?”

“नाही.”

“आन्‌ हत्ती?”

“हत्ती माझा होता.”

“वाटलंच मला. माझ्या गोष्टीत हत्ती नव्हता.” मग म्हणाली, “माझा बाप ऐरणीपुढंच म्हातारा झाला रं. हाताला भाजल्याचे डाग. आन्‌ मी आपली सासरी बंदूकवाल्याची म्हणून मिरवायची. बापाचं नाव बी काढत नव्हते.”

आत गेल्यावर तिने मॅडमना काच उघडायला लावली. “पोरी, मी लहानपणी भाता ओढलाय. कच्चं काम मला हाताला कळतं.” अंगठा नळीवरून सावकाश फिरवत टोकापर्यंत नेला, परत आणला. “सांधा कुठंय?”

“आम्हालाही नाही सापडला, आजी.”

आत्या वळली. मागे गल्लीतल्या बायका होत्या आणि एक भरघोस मिशांचे गृहस्थ. त्यांनी विचारलं, “आजी, किती माणसं मारली हिने?”

“एक बी नाय,” आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. “आमच्या घरात केलीय ही. आधी सांधा शोधून दाखवा, मंग बोला.”

गृहस्थ चष्मा लावून वाकले. त्यांच्यामागे बायकांची रांग लागली. मी जाऊन शेवटी उभा राहिलो. नंबर आला तेव्हा माझ्यामागेही रांग वाढली होती आणि आत्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडेच बघत होती. मी चष्मा पुसला, नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

“हं?” आत्या म्हणाली.

“नाही सापडत.”

“चल सरक,” ती म्हणाली. “मागं लोकं थांबलीयत.”