मोजताना बोलू नये

अब्बासभाई गेल्याचं सांगायला दाऊद स्वतः आमच्या दवाखान्यात आला, त्यालाही आता दीड महिना होईल. दुपारची वेळ, खिडकीपाशी औषधाला माणसं उभी. आपल्या उरलेल्या एका डोळ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कंपाउंडर, दादा गेला." मी औषधाची पुडी बांधत होतो, ती तशीच बांधून पुरी केली. वाईट बातमी कानावर आली की मोजमापाचं काम पुढे रेटायचं नसतं, हे आम्हा तिघांइतकं कुवेतात कोणाला ठाऊक नव्हतं. तरी माझे हात चालूच राहिले. माणूस शहाणा होत नाही, हेच खरं.

अब्बासभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, मी चिपळूणचा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात ते बसऱ्याला पलटणीच्या हत्यारखान्यात होते. लढाई संपल्यावर कुवेतात एका मोठ्या व्यापाऱ्याच्या कोठारावर लागले, आणि मागाहून धाकटा भाऊ दाऊद याला बोलावून त्याच मालकाकडे ड्रायव्हर म्हणून चिकटवला. मालकाला हरणाच्या शिकारीचा नाद. त्याच्याकडे बापाच्या वेळची एक रायफल होती आणि तिची काडतुसं बाजारात मिळेनाशी झालेली. मग झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या आणि घरी बसून अब्बासभाईंनी त्या पुन्हा भरायच्या, असं ठरलं. आमची ओळखही त्यातूनच झाली. त्यांचा बंदुकीची दारू तोलायचा काटा सुस्तावला होता म्हणून ते माझा औषधाचा काटा मागायला आले. मी साफ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन परत आले, आणि मी विरघळलो.

अबू हलीफात समुद्राकडच्या एका खोलीत दोघं भाऊ राहायचे. भरायला बसले की अब्बासभाई आधी दार लावायचे, खिडक्या लावायच्या, पंखा बंद. वाऱ्याने काटा हलतो ना! त्या उकाड्यात आम्ही निथळत बसायचो. सगळ्या पुंगळ्यांना लागेल तेवढीच दारू ते डब्यातून वाडग्यात काढून घेत, मग एकेक माप तोलून पुंगळीत ओतत. आणि बोलायचं नाही. आत कोणीही येवो, त्याने मुकाट खाटेवर बसायचं. "मोजताना बोलू नये, कंपाउंडर. आकडा तोंडावाटे पळतो." मध्ये उठावं लागलंच तर सगळ्या पुंगळ्या परत वाडग्यात रिकाम्या आणि पहिल्यापासून सुरुवात. मी एकदा चिडवलं, "नमाज तरी इतकी मन लावून पढता काय हो?" तर म्हणाले, "नमाजीत चुकलो तर अल्ला माफ करतो. ही बया करत नाय." रायफल जुनी, म्हणून ते मुद्दाम हात आखडून भरायचे. कमी दारू, नळीवर जोर कमी. पण त्यामुळे पुंगळीच्या पोटात जागा उरायची, आणि चुकून दुसरं माप पडलं तर तेही बिनबोभाट मावून जायचं. ही गोष्ट मला त्यांनीच समजावून सांगितली होती.

एका संध्याकाळी, मी नव्हतो तेव्हा, अब्बासभाई भरायला बसलेले असताना दाऊद बंदरावरून गावच्या एका माणसाला घेऊन आला. गावचा माणूस बोटीवरून उतरला की आधी गाववाल्यांच्या खोलीवर यायचा, आणि तो आला की हातात काही असो, टाकून उठायचं, गळाभेट घ्यायची, अशी या मंडळींची रीत. अब्बासभाई उठले. त्या माणसाने पाणी प्यायलं, कोकमांची पिशवी खाली ठेवली आणि मग सांगितलं, की आई गेली... मातीही कधीच झाली होती. अब्बासभाई बराच वेळ भिंतीला टेकून बसले. मग डोळे पुसले आणि परत टेबलाशी गेले, कारण मालक पहाटे शिकारीला निघणार होता. नोकरी करणाऱ्याला कसलं आलंय सुतक! पण पुंगळ्या मात्र त्यांनी रिकाम्या केल्या नाहीत. जिथे थांबलो असं वाटलं, तिथून पुढे भरत गेले. शेवटच्या पुंगळीला वाडग्यातली दारू कमी पडली, ती त्यांनी डब्यातून घातली.

कमी का पडली, हे त्यांना उमगलं दुसऱ्या दिवशी सकाळी. धावत दवाखान्यात आले. म्हणाले, "एकात दोनदा पडली... गाडी काढ." दवाखान्याची गाडी घेऊन आम्ही वाळवंटात शिरलो, आणि वाटेतच मालकाची जीप समोरून येताना दिसली. मागे दाऊद आडवा होता. मालकाने नेम तपासायला रायफल त्याच्याच हाती दिली होती, आणि झाडताना तिची नळी फुटली होती. रक्त मी धुतलं. उजवा डोळा गेलाच होता.

पुढची सगळी वर्षं अब्बासभाईंनी एकच गोष्ट मागितली. काडतुसं पुन्हा भरली नाहीत, लग्नाचा विषय काढू दिला नाही, पण दर ईदला दाऊदसमोर जाऊन विचारायचे, "माफ केलंस काय?" आणि दाऊद दर वेळी म्हणायचा, "माफ काय करायचा? नळी जुनी होती." पोलिसांना तेच सांगितलं, मालकाला तेच. आम्ही सगळे म्हणायचो, काय भाऊ आहे! अब्बासभाई मात्र खचत गेले. चूकच मान्य नाही तर माफी कशाची मिळणार? इस्पितळात शेवटच्या दिवशी सकाळी मी तिथे होतो. बोलवत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं. दाऊदने हात हातात घेतला आणि म्हणाला, "नळी जुनी होती, दादा." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला त्याचा संताप आला होता. दफन झाल्यावर मी त्याला गाठलंच. मेल्या, एक शब्द तोंडातून काढला असतास तर माणूस सुखाने गेला असता, काय बिघडलं असतं तुझं? तो मग म्हणाला, "मी खाटेवर बसललो. दादान त्याच पुंगलीत परत ओतला, मना दिसला. वाटला, आपली नजर चुकली. दादा कवा चुकत नाय... आन् मोजताना बोलायचा नाय ना." पुढे म्हणाला, "मी कुठल्या तोंडान माफ करू?"

काल खोली रिकामी करायला गेलो. गावची चार माणसं मदतीला आलेली, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. जिन्यात मोठमोठ्याने गप्पा मारत होती. आत आली, टेबल उचलायला वाकली आणि सगळ्यांचे आवाज आपोआप खाली गेले. दाऊदही त्यांच्यात, ओठ घट्ट मिटून. मला ते सहन होईना. मी ओरडलो, "अरे बोला रे, कायतरी बोला."