बोटीवर म्हटलेलं गाणं

परवा वैशाखरे गावी पुतणीच्या लग्नात ओल्या हळदीचा वास आला आणि मला स्कॉटलंडमधली एक बोट आठवली. शिकायला तिकडे होतो, तेव्हा एका रविवारी आम्ही वसतिगृहातली मुलं तळी बघायला निघालो. धक्क्यावर बॅगपाइप वाजत होते, बोटीवर कुणीतरी अकॉर्डियन काढला आणि ठरलं, ज्यानं त्यानं आपल्या गावच्या लग्नातलं गाणं म्हणायचं. आमच्यातला एक आयरिश पोरगा गायला तेव्हा म्हातारा खलाशीसुद्धा पायानं ठेका धरू लागला. मग माझी पाळी आली. आमच्याकडे धवलारीण गाणी गात गात लग्न लावते. पण बहिणीच्या लग्नाला साहेबलोक येणार म्हणून वडिलांनी तिला मांडवातून उठवलं, कल्याणहून बँड आणला आणि घरात ती गाणी गुणगुणायलाही बंदी केली. मला अथपासून इतिपर्यंत येत होतं ते एकच गाणं, मुरबाडच्या शाळेत छडीच्या धाकानं पाठ करून घेतलेलं, इंग्रजांच्या राजाचं. तेच म्हटलं. सगळे खो खो हसले. आयरिश पोरगा तेवढा हसला नाही. म्हणाला, "हे त्यांचं झालं. तुझं कुठंय?" परत आल्यावर मी त्या धवलारणीकडे गेलो आणि म्हटलं, मला गाणी शिकव. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुमच्या बापानं मला भरल्या मांडवातून उठवली. आता नाय गायची मी." राजा गेला, त्याचं राज्य गेलं, पण हळदीचा वास आला की माझ्या डोक्यात अजून त्याचंच गाणं सुरू होतं.