प्रागमधल्या दोन हाका

गोरेगाव या आमच्या खेडेगावात घड्याळं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक मलाच वेड्यात काढतात.

तांड्यावरची रुख्मिणीबाई कापडावर आरसे जडवायची. तिचं काम बघून पुण्याच्या एका संस्थेनं २००५ च्या जूनमध्ये तिला युरोपात प्रागला नेलं, प्रदर्शनासाठी. तिची याडी, म्हणजे आई, तेव्हा अंथरुणाला खिळलेली. पण तिनंच हट्टानं लेकीला पाठवलं. जाताना रुख्मिणीबाईनं माझ्याकडून सेलवर चालणारं मनगटी घड्याळ घेतलं.

प्रदर्शन संपल्यावर शेवटच्या एका दिवसात सगळ्यांना अख्खं शहर दाखवायचं ठरलं. गाईड बाई छत्री उंच धरून पुढं पळणार आणि ही घागरा सावरत मागं. सकाळी किल्ला, मग चर्च, मग दोन्ही बाजूंना दगडी पुतळे असलेला पूल. पुतळे आपल्याकडं माना वळवतायत असं तिला वाटत राहिलं. बाराच्या ठोक्याला चौकात. तिथं बुरुजावरच्या जुन्या घड्याळात हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो म्हणे. हे ऐकून मी हसलो होतो. आमच्या धंद्यात असले चाळे चालत नाहीत. सापळ्यानं दोरी ओढली, गर्दी गप्प झाली आणि हिच्या पाठीमागून हाक आली, "रुख्मी." आवाज बराबर आईचा.

तिनं ओ दिली नाही. पहिल्या दोन हाका कुणाच्याही असू शकतात, ओ तिसऱ्या हाकेलाच द्यायची, हे लहानपणी आईनंच शिकवलेलं. दुसरी हाक आली. तिनं श्वास रोखून तिसरीची वाट पाहिली. तेवढ्यात छत्री हलली आणि तिला पळावं लागलं.

ती घरी आली तेव्हा आईला जाऊन तीन दिवस झाले होते. भावजय शीलानं सांगितलं, तिकडं हाक आली त्याच दिवशी साडेतीनची एसटी फाट्यावर आली तेव्हा आईनं दोनदा हाक मारली. मग पुटपुटली, "थांबली असंल पोरगी. तिसरीची वाट पाहून राहिली असंल." तिसरीपुरता दम उरलाच नाही.

रुख्मिणीबाईनं अन्न सोडलं. माझ्या पायरीवर बसून एकच विचारायची, ओ दिली असती तर?

"बाई, तुमी ऐकलं बाराला, आई गेली साडेतीनला," मी समजावलं. "टाइम जुळत न्हाई. मनाचे खेळ हायेत हे."

तिला पटलं. त्या दिवशी ती जेवली, आणि मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

दसऱ्याच्या आधी ती घड्याळ घेऊन आली. परतल्यापासून ते पेटीतच पडून होतं. साडेतीन तास मागं पडलंय, म्हणाली. मी उघडून पाहिलं, मशीन ठणठणीत. मग तिला विचारल्यावर कळलं, तिकडं उतरल्या उतरल्या गाईड बाईनं काटे फिरवून दिले होते.

तिकडचे बारा म्हणजे आपले साडेतीन. आयुष्यभर लोकांची घड्याळं लावली आणि मला हे सुचलं नाही, याची फार लाज वाटली.

"बिघडलंय का?" तिनं विचारलं.

"व्हय, सेल उतरलाय," मी खोटं बोललो आणि काटे पुढं सरकवायला घेतले.

ती पायरी उतरली आणि अचानक मागं वळली. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"ओ," ती म्हणाली.

कुणी हाक मारली नव्हती. निदान मला तरी ऐकू आली नाही. पण दोन हाका तिच्या प्रागमध्येच झाल्या होत्या. ही तिसरी.